धुरातलं बी

ताईबाईनं गाडग्याच्या तोंडावरचं फडकं सोडलं, आत हात घातला, आणि हात बाहेर आला तो पिठानं माखलेला. पावट्याचं पीठ. त्यात बारके तपकिरी भुंगे वळवळत होते.

"आगं माझे आये," म्हणत ती होती तिथंच मटकन बसली.

माया गॅसवर भाकरी टाकत होती. तिनं वळून सासूकडं बघितलं आणि तवा उतरवून पळत आली. दोघींनी गाडगं सुपात पालथं केलं. वरवर दाणे दिसत होते, पण उचलावा तो दाणा पोकळ. प्रत्येकाला टाचणीनं पाडल्यासारखं भोक. ताईबाई एकेक दाणा नखानं दाबून बघत होती, आणि तो टरफलासारखा फुटत होता.

आता हे व्हायला नको होतं. ताईबाईचं लग्न होऊन ती राहू गावात आली तेव्हापासून ते गाडगं त्याच आढ्याला, त्याच खुंटीला टांगलेलं. खाली चूल. चुलीचा धूर दिवसभर गाडग्याला लागायचा, आणि धुराच्या वाटेला भुंगा जात नाही. पण सतीशनं दोन वर्षांमागं घरात शिमिटाचा ओटा बांधला, गॅस आणला. चूल अंगणात गेली, आंघोळीच्या पाण्यापुरती. गाडगं मात्र खुंटीलाच राहिलं. दर साली बी भरायचं, फडकं बांधायचं, खुंटीला टांगायचं. खाली चूल राहिली नाही हे चार माणसांत एकाच्याही ध्यानात येऊ नये! सवयीला डोळे नसतात, दुसरं काय. पहिलं साल कसंबसं निभावलं. दुसऱ्या साली भुंग्यानं दावा साधला.

आणि बी काय साधंसुधं होतं? पोटावर काळी रेघ असलेला पावटा. पंचक्रोशीत ह्या एका घराशिवाय कुठं नाही. शेंगेला असा वास की खुडणाऱ्या बाईच्या बोटांना चार दिवस यायचा. केडगावच्या बाजारात गिऱ्हाईक नाव घेऊन विचारायचं, रेघीवाली ताईबाई बसलीय का म्हणून. सतीश उसात फवारणीची मजुरी करायचा, ती आज आहे तर उद्या नाही. सासरा म्हाळू दम्यानं अंथरुणाला खिळलेला. दिवाळीपासून होळीपर्यंत हे घर पावट्याच्या मांडवावर जगायचं, आणि त्याच्या जिवावर पुढचा उन्हाळा काढायचा. मांडव गेला तर घर गेलं, इतकी सरळ गोष्ट होती.

दिवसभर निवडून वाटीभर दाणे धड निघाले.

"सगळं बी कधी रानात घालू न्हाई," म्हाळू आतून खोकत म्हणाला. "घरात मूठभर ठिवावं."

"ठिवायला हाय काय?" ताईबाई फणकारली. "आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठनं येणार?"

आखाडात ते सगळं बी मांडवाखाली गेलं.

*

वेल मात्र झकास चढले. मार्गशीर्षात मांडव फुलांनी भरला, खालच्या घोसांना शेंगा धरल्या. ताईबाईनं आपल्या जुन्या लाल चोळीच्या चिंध्या फाडल्या आणि सगळ्यात लांब, सगळ्यात भरल्या शेंगांना एकेक बांधली. चिंधीची शेंग म्हणजे बियाची शेंग. तिला हात लावायचा नाही, मग घरात नुसती मीठ-भाकर असली तरी. मायाचं लग्न होऊन ती पहिल्यांदा मांडवाखाली गेली होती तेव्हा हीच गोष्ट तिला आधी सांगितलेली. दुसरी गोष्ट अशी, की ह्या घरातलं बी बाहेर द्यायचं नाही. कुणी मागो, पाया पडो, दाणा द्यायचा नाही.

ही दुसरी गोष्ट सांगायला ताईबाईला जरा उशीरच झाला होता. त्याच्या आधीच मायानं एक उद्योग करून ठेवला होता, पण ते पुढं येईलच.

मार्गशीर्षाच्या अखेरीला आभाळ दाटून आलं आणि वेलांवर मावा पडला. शेंडे काळे, चिकट. ताईबाई सकाळच्या दवात राख उधळायची. पण राख यायची कुठून? चूल पेटायची ती पाण्यापुरती. तिनं गुऱ्हाळावरून चुलवाणाची राख पाटीभर आणली, ती उधळली, तरी मावा हटेना. त्या रात्री ती जेवली नाही. "औंदाचं बी ह्यो खातोय," इतकंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ताईबाई बाजाराला गेली. सतीश नदीपलीकडं मांडवगणला उसाच्या खोडव्यात फवारणी उरकून आदल्या संध्याकाळीच आला होता, आणि उठल्या उठल्या गुऱ्हाळावर गेला होता. त्याचा पाठीवरचा पंप भिंतीला टेकून उभा.

मायानं निंबोळ्या कुटून रात्रभर भिजत घातल्या होत्या. तिनं फडक्यातनं अर्क गाळला, पंप दोनदा पाण्यानं खळखळून धुतला, अर्क भरला आणि पाठीवर घेतला. पट्टे खांद्यात रुतत होते, पाठीवर गार पाणी गळत होतं. एक वेल सोडला नाही बाईनं. शेंडा शेंडा भिजवला. चिंधीच्या शेंगांवर तर दोनदा मारलं. सासू येऊन बघंल आणि 'केलंस गं पोरी' म्हणंल, एवढ्या एका शब्दाची तिला भूक होती. लग्नाला चार वर्षं होऊन तो शब्द तिच्या वाट्याला आला नव्हता.

दोन दिवसांनी शेंड्यांनी माना टाकल्या. पानं वाटीसारखी वळली. देठ ओल्या कपड्यासारखे पिळवटले.

सतीश मांडवाखाली गेला, एक पान चुरगळून नाकाशी नेलं आणि पांढरा पडला.

"काय मारलंय ह्याच्यावर?"

"लिंबोळीचा अर्क," माया म्हणाली. "दुसरं काय न्हाई. तुमची शप्पत."

"कोणच्या पंपानं?"

मायानं भिंतीकडं बघितलं.

"अगं, त्यात टू-फोर-डी व्हतं! उसातलं तण जाळायचं औशीद! ऊस जगतो त्येनं, पण पावटा, वांगं, भोपळा, काय काय जगत न्हाई!"

"मी धुतला की हो. दोनदा धुतला."

"धा वेळा धुतला तरी त्येचा अंश जात न्हाई. सोडा टाकून रातभर ठिवावा लागतो." आणि मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "मला इचारायचं तरी."

ताईबाई पायरीवर उभी राहून ऐकत होती. तिनं मारलं नाही, शिवी दिली नाही. दिली असती तर मायाला बरं वाटलं असतं. ती मांडवाखाली गेली आणि वाळत चाललेल्या वेलावरची लाल चिंधी नुसती बोटानं चाचपत राहिली. त्या दिवसापासून ती सुनेशी बोलायची थांबली. भाकरी घे नाही, पाणी दे नाही. लागलं तर म्हाळूच्या तोंडून सांगायची.

*

भोगीच्या बाजाराला ताईबाई हट्टानं गेली. मागं मायाही गेली, टोपलीत मेथीच्या चार जुड्या घेऊन. भोगीला पावटा नाही म्हणजे लग्नात नवरा नाही. गिऱ्हाईकं येत, टोपलीत डोकावत आणि पुढं जात.

शेजारी लसूण-मिरची घेऊन बसणाऱ्या फरीदाभाभी. त्यांनी विचारलं, "ताईबाई, पावटा कुठाय? आज तर तुमचा दिवस."

"गेला औंदा," ताईबाई म्हणाली.

"म्हंजी? बी तर हाय ना?"

ताईबाई जुडीवर पाणी शिंपडत राहिली, पार जुडी चिखल होईपर्यंत. मायाला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

मांडवाच्या पार टोकाचा एक वेल अर्धामुर्धा जगला होता. पंपातला अर्क तिथं संपत आला होता म्हणून. ताईबाईनं त्याला तान्ह्या पोरासारखं जपलं. उन्हाला पोतं धरलं, तांब्या-तांब्यानं पाणी घातलं. फाल्गुनात त्याच्या चिंधीच्या शेंगा वाळल्या. तिनं अंगणात बसून त्या सोलल्या. आत दाणे होते, पण सुरकुतलेले, चपटे, म्हाताऱ्याच्या गालासारखे. उगवतात का बघायला ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले, ते तसेच कुजले आणि त्यांना घाण सुटली.

त्या दिवशी ताईबाई मोठ्यानं रडली. शेजारपाजारची माणसं दारात आली. "मेलं गं माझं बी," म्हणून ती ऊर बडवत होती, आणि माया खांबाआड उभी राहून पदर तोंडात कोंबत होती.

*

मृग निघाला. गावात बियाण्याच्या पिशव्या येऊ लागल्या. सतीश म्हणाला, दुकानातलं पावट्याचं बी आणू; ताईबाई म्हणाली, त्येला कोण कुत्रं इचारतंय, बाजारात ढिगानं हाय.

मायाच्या पोटात एक गोष्ट वर्षभर जळत होती. ती त्या संध्याकाळी बाहेर पडली.

"आत्या, मारायचं तर मारा. पर ऐका. लगीन झालं त्या साली मी मूठभर बी दिलतं. चांगुणाकाकींना. तुमी बाजारला गेलता. त्या गाडग्याकडं बघत व्हत्या, मला वाटलं घरचंच माणूस हाय. त्या नगं नगं म्हणत व्हत्या, मीच पदरात घातलं."

माया डोळे मिटून उभी राहिली. पण सासूचा हात उठला नाही. तिनं डोळे उघडले तर ताईबाईच्या तोंडचं पाणी पळालेलं.

"तिनं लावलं का?" ताईबाईनं विचारलं. कित्येक महिन्यांनी सुनेला टाकलेला तो पहिला शब्द.

"न्हाई. मांडव कुठं हाय त्यांच्या दारात?"

ताईबाईनं उठून पदर सावरला. "चल," म्हणाली.

चांगुणा म्हणजे म्हाळूच्या धाकट्या भावाची, साहेबरावाची बायको. मूलबाळ झालं नाही, म्हणून साहेबरावानं दुसरी केली आणि तिला घेऊन पाटसला राहायला गेला. चांगुणा गल्लीच्या टोकाला एका खोलीत एकटीच राहायची. दिवसभर उसात खुरपायची आणि रात्री चूल पेटवायची. गॅस तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

दोघी दारात गेल्या तेव्हा ती चुलीत फुंकत होती. धुरानं डोळे लाल. आणि चुलीच्या वर, आढ्याला, काजळीनं काळं कुळकुळीत झालेलं एक लहान गाडगं टांगलेलं.

"या आक्का! आज इकडं कुठं वाट चुकला?" चांगुणा लगबगीनं उठली, पोतं अंथरलं.

"काकी, ते बी," माया म्हणाली. "मी दिल्यालं. हाय का वो?"

"हाय की. जसंच्या तसं हाय. मी त्येला हात लावत न्हाई, बाई. तूच काढ. स्टुलावर चढ."

मायानं गाडगं उतरवलं. चांगुणानं सूप पुढं सरकवलं आणि स्वतः दोन हात लांब सरकून बसली. फडकं सुटलं, गाडगं पालथं झालं, आणि सुपात खळ्ळकन दाणे पडले. तांबूस, टणक, पोटावर काळी रेघ. एकालाही भोक नव्हतं. मायानं एक दाणा दाताखाली धरला, तर दात हटला पण दाणा फुटला नाही. तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

"न्या सगळं," चांगुणा म्हणत होती. "तुमचं गेल्यालं कळलं तवाच आणून देणार व्हते. पर म्हटलं, आक्का म्हणतील ह्या पांढऱ्या पायाच्या बाईनं आमचं बी ठिवलं, म्हणूनच मांडव जळला. ह्या सुपातनंच वता पदरात. माझं बोट लागू देऊ नका. माझ्या हाताला गुण न्हाई, म्हाईत हाय की तुमाला. लई वरसांमागं तुमी एवढ्या मनानं बी दिलतं, दारात वेल लाव म्हणून. पाणी घालून घालून मेले. एक दाणा वर आला न्हाई. तुमीच म्हणलाव, चांगुणे, तुझ्या हाताला गुण न्हाई. चार बायांत म्हणलाव. खरंच व्हतं ते. आमच्या ह्यांनी तेच धरून ठिवलं. जिच्या हातनं दाणा उगवत न्हाई, तिला पोर कुठनं व्हायचं, म्हणायचे."

ती हे असं सांगत होती, जसं कुणी आपल्या जुन्या दुखण्याचं सांगावं. तक्रार नव्हती तिच्यात.

ताईबाईनं पदर पसरला होता. सूप मायाच्या हातात होतं. नुसतं वाकवायचं बाकी. गप्प राहिली असती ताईबाई तर बी तिच्या पदरात पडलं असतं, मांडव उभा राहिला असता, भोगीला टोपली भरली असती. कुणाला कळणार होतं? मायाला तरी कुठं काय ठाऊक होतं! पण ताईबाईनं पदर मिटून घेतला.

"चांगुणे," ती म्हणाली, "हात तुझा वाईट नव्हता. बी उकळून दिलं व्हतं मी."

चुलीत लाकूड तडतडलं. चांगुणाला आधी उमजलंच नाही. ती हसल्यासारखी झाली. "काय म्हणताय?"

"गावात दुसऱ्याच्या दारात रेघीचा पावटा नगं म्हणून. न्हाई म्हणता येईना, जाऊ व्हतीस. मग आदणात घालून काढलं, आन् दिलं."

मायाच्या हातातलं सूप खाली टेकलं. मग चांगुणा उठली. तिनं पातेलं घेतलं, त्यात माठातलं पाणी ओतलं आणि चुलीवर ठेवलं. खाली दोन लाकडं सारली. सूप ओढून आपल्या मांडीवर घेतलं.

"नगं गं चांगुणे," ताईबाई म्हणाली.

पाण्याला आधी बारीक बुडबुडे आले, मग ते खळखळायला लागलं. चांगुणानं सुपात हात घातला. मूठ भरली आणि ती वाफेवर धरली. ताईबाई पुढं सरकून तिच्या पायाशी पडली. "मला मार, माझ्या तोंडात शेण घाल, पर ते बी नगं. आता सगळ्या दुनियेत तेवढंच हाय गं."

"किती येळ ठिवलं व्हतंस पाण्यात?" चांगुणानं विचारलं. जन्मात पहिल्यांदा ती मोठ्या जावेला अगंतुगं करत होती.

"दोन उकळ्या."

"मग?"

"मग उन्हात वाळवलं."

"म्हंजी मला कळू नये म्हणून." चांगुणा मान हलवत राहिली. "मी रोज पाटं उठून माती उकरून बघायची. माझं पाणी जास्त झालं का कमी झालं, इचार करकरून झोप लागायची न्हाई. इटाळशी असताना पाणी घातलं म्हणून बाटलं का, हे सुदिक वाटायचं मला. आन् नवरा गेला तवा मी त्येला आडवलं न्हाई. कुठल्या तोंडानं आडवू? माझ्या हातात गुणच न्हाई, म्हणलं, जाऊ दे त्येला."

मूठ वाफेवर तशीच होती. हाताला चटका बसत असणार, पण ती काढत नव्हती. मायानं पुढं होऊन तिचं मनगट धरलं. "काकी. बियाचा काय दोष हाय वो?"

चांगुणानं तिच्याकडं बघितलं. हळूहळू मूठ मागं घेतली आणि दाणे सुपात सोडले. पातेलं पदरानं धरून उचललं आणि सगळं पाणी दाराबाहेर दगडावर ओतलं. वाफेचा भपकारा आत आला.

"जावा आता," ती म्हणाली. "बी मी देणार न्हाई. मी लावणार हाय."

"आमाला, काकी?" मायाला राहवलं नाही.

"उगावलं, वर आलं, शेंगा धरल्या, तर पुढच्या साली मूठभर देईन." मग ताईबाईकडं वळून ती म्हणाली, "आन् देईन ते कच्चं देईन."

*

त्या साली म्हाळूच्या दारातला मांडव रिकामा राहिला. सतीश फवारणीबरोबर गुऱ्हाळावर रात्रपाळीही करायला लागला, तिथल्या भय्या लोकांबरोबर भट्टीपुढं. मायाही उसात खुरपायला जाऊ लागली. घरात भाजी आठवड्यातनं एकदा.

चांगुणानं दुसऱ्या दिवशीच आपल्या दारापुढची टणक जमीन खुरप्यानं उकरली. माया मदतीला गेली तर तिनं हटकलं, "व्हय बाजूला. मीच लावणार." दाणा दाणा तिनं स्वतःच्या बोटानं दाबला.

पाणी मात्र ताईबाई घालायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. उजाडायच्या आत कळशी कमरेवर घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जायची, ओंजळीनं पाणी सोडायची आणि परत यायची. वाटेत बाया विचारायच्या, ही मोठी जाऊ धाकटीच्या दारात पाणी का भरती म्हणून. ताईबाई मान खाली घालून चालायची. चांगुणा दारात बसून बघायची. ये म्हणायची नाही, जा म्हणायची नाही.

माती तशीच राहिली. आठवडा उलटला. बी धुरातलं असलं तरी चार वर्षांचं जुनं होतं; सतीश म्हणाला, मेलं असंल. मायाला वाटायला लागलं, आता जर नाही उगवलं तर चांगुणाकाकी पुन्हा हातालाच दोष देतील, आणि ह्या खेपेला त्या जगायच्या नाहीत.

मग एका सकाळी ताईबाई कळशी घेऊन गेली ती लवकर परतली नाही. माया बघायला गेली. ताईबाई गल्लीतच उभी होती, कळशी तशीच भरलेली, पाऊल पुढं उचलत नव्हतं. चांगुणा उकिडवी बसली होती. तिच्यापुढं माती फुटली होती आणि तीन-चार हिरवट कोंब माना वाकवून वर आले होते, पाठीवर फुटकं टरफल घेऊन.

"आलं वो काकी!" माया ओरडली. "आलं!"

चांगुणा कोंबांकडं बघतच नव्हती. चिखलानं भरलेला उजवा हात तिनं डोळ्यांपुढं धरला होता आणि तो पालथा-उताणा करून बघत होती.

"चांगला व्हता गं माझा हात," ती म्हणाली. "सगळी वरसं चांगला व्हता."

आणि तोच हात तोंडावर दाबून ती रडायला लागली.